ऑक्सफर्डची दंतकथा : डार्विन, चर्च आणि एक सोयीचे युद्ध

१/९
उत्क्रांतीचा विषय निघाला की एक कथा हमखास सांगितली जाते. ३० जून १८६०, ऑक्सफर्ड. बिशप सॅम्युएल विल्बरफोर्सने थॉमस हक्स्लीला खवचटपणे विचारले, वानराशी नाते आजोबांकडून की आजीकडून? हक्स्लीने सडेतोड उत्तर दिले आणि विज्ञानाने चर्चला धूळ चारली. कथा देखणी आहे. पण पुराव्याच्या कसोटीवर ती टिकत नाही.

२/९
त्या सभेचा शब्दशः वृत्तान्त उपलब्ध नाही. वानरावरून चकमक झडली, एवढे समकालीन पत्रांवरून दिसते. परंतु सर्वतोमुखी झालेले नाट्यमय वर्णन १८९८ मध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी एका मासिकात छापले गेले. उलट सभेनंतर दोनच दिवसांनी जोसेफ हूकरने डार्विनला कळवले होते की हक्स्लीचा आवाज सभागृहभर पोचला नाही आणि बिशपचा समाचार खुद्द हूकरनेच घेतला.

३/९
विल्बरफोर्स मूढ होता, हाही सोयीचा समज. त्याने डार्विनच्या ग्रंथाचे जे परीक्षण लिहिले, त्याचे चातुर्य डार्विनने स्वतः मान्य केले. शिवाय विरोध केवळ धर्मपीठावरून होत नव्हता. शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन आणि डार्विनला भूविज्ञानाचे धडे देणारा अ‍ॅडम सेजविक हेही विरोधकांत होते.

४/९
समर्थकांत मात्र धर्मोपदेशक होते. पाद्री चार्ल्स किंग्जलीच्या अनुकूल पत्रातील मजकूर डार्विनने १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत समाविष्ट केला. श्रद्धाळू ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे अमेरिकेत डार्विनची बाजू लढवत होता. उत्क्रांती स्वीकारणारा फ्रेडरिक टेंपल १८९६ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला. आणि १८८२ मध्ये डार्विनचे दफन झाले ते वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत, चर्चच्याच छताखाली!

५/९
मग ‘सनातन युद्ध’ आले कोठून? मुख्यतः दोन ग्रंथांतून : जॉन विल्यम ड्रेपर (१८७४) आणि अँड्रू डिक्सन व्हाइट (१८९६). यातला ड्रेपर म्हणजे ऑक्सफर्डच्या त्याच सभेत निबंध वाचणारा वक्ता. युद्धाचा इतिहासकार स्वतः रणांगणावर हजर होता. त्याला तटस्थ साक्षीदार म्हणता येणार नाही.

६/९
दुसरी बाजूही याच भ्रमावर पोसली आहे. सहा दिवसांत सृष्टी आणि काही हजार वर्षांची पृथ्वी, हाच एकमेव मूळ ख्रिस्ती विश्वास, असा तिचा दावा. इ.स.पू. ४००४ ही सृष्ट्यारंभाची तारीख आर्चबिशप अशरने १६५० मध्ये मांडली, हे खरे. परंतु सृष्टीचे ‘दिवस’ सामान्य सौर दिवस नसावेत, असे ऑगस्टीनने त्याच्या कितीतरी शतके आधी सुचवले होते. एकोणिसाव्या शतकात सेजविक आणि विल्यम बकलंड हे दोघेही धर्मगुरू पृथ्वीचे अतिप्राचीनत्व मान्य करत होते.

७/९
आज परिचित असलेला ‘तरुण पृथ्वी’वाद बऱ्याच अंशी विसाव्या शतकाची निर्मिती आहे. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या जॉर्ज मॅक्रेडी प्राइसने महाप्रलयाच्या आधारे भूविज्ञान नव्याने रचू पाहिले. १९६१ मध्ये व्हिटकोम्ब आणि मॉरिस यांच्या ग्रंथाने ते दूरवर पोचवले. परंपरा म्हणून मिरवले जाते ते येथे बव्हंशी नवेच बांधकाम आहे.

८/९
म्हणजे संघर्ष झालाच नाही काय? अवश्य झाला. १९२५ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्याने सरकारी शाळांत मानवाची उत्क्रांती शिकवण्यास बंदी घातली. शिक्षक जॉन स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. पुढे तो तांत्रिक कारणाने रद्द झाला, पण कायदा १९६७ पर्यंत जिवंत राहिला. हा अन्याय कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि याच खटल्यात कायद्याची बाजू मांडणाऱ्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनने उत्पत्तीचे दिवस २४ तासांचेच असले पाहिजेत असे नाही, हे साक्षीत मान्य केले. वाद दोन सनातन शत्रूंचा नव्हता; सार्वजनिक शाळेत काय शिकवावे हे कोणी ठरवायचे, या आधुनिक प्रश्नाचा होता.

९/९
उत्क्रांतीचा सिद्धान्त जीवाश्मांवर, शरीररचनेवर आणि आनुवंशिकतेवर उभा आहे. त्याला दंतकथेचे टेकू नकोत. सृष्टिवाद्यांकडे पुरावा मागणाऱ्याने ३८ वर्षांनंतरची आठवण इतिहास म्हणून खपवावी, यासारखा विरोधाभास नाही. पुराव्याची कसोटी प्रतिपक्षाला लावणे सोपे असते. आपल्या आवडत्या कथेला ती लावतो, तोच इतिहासाचा विद्यार्थी.