कॉफीचे यंत्र आणि पुडीवरची बारीक अक्षरे

विदर्भातील लग्नसमारंभात 'एस्प्रेसो' या नावाने जे पेय मिळते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. मंडपाच्या कोपऱ्यात वाफेचा फुत्कार टाकणारे चकचकीत यंत्र, समोर कपांची रांग, फेसाळलेले गोड दूध आणि वर कोकोची चिमूट. लहान मुलांना या यंत्राचे आकर्षण असते आणि मोठ्यांनाही दुसरा कप नको असे नसते. वस्तुतः त्या यंत्रातून कॉफी निघतच नाही, निघते ती केवळ वाफ. कॉफी म्हणजे डब्यातील तयार पूड, साखरेबरोबर घोटून आधीच कपात टाकलेली. खऱ्या एस्प्रेसोशी तिचे नाते नावापुरते.

हा भेद आता घराघरांत चर्चेला आला आहे, कारण पुण्या-बंगळुरात शिकलेली वा नोकरी केलेली मुले घरी परततात, ती कॉफीची चव घेऊनच. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील व्यापारी कुटुंबांत दिवाळीच्या वा लग्नाच्या खरेदीच्या यादीत 'कॉफी मशीन' दिसू लागते आणि वाद सुरू होतो. वडील किंमत पाहून कपाळाला आठ्या घालतात आणि मुलगा 'पंधरा बार, वीस बार' अशी दाबाची परिमाणे ऐकवतो. या वादात ज्या प्रश्नाने सुरुवात व्हायला हवी, तो बहुधा कुणी विचारत नाही. आज घरात जी कॉफी प्यायली जाते, तिच्यात नेमके काय आहे?

स्वयंपाकघरातील डबा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. अनेक लोकप्रिय तयार पुडींवर 'कॉफी-चिकोरी मिश्रण' असे छापलेले आढळते. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीच्या पुडीतही चिकोरी सर्रास असते. चिकोरी हे कॉफीचे फळ नव्हे, बी नव्हे. ते एका निळ्या फुलांच्या झाडाचे मूळ आहे, मुळ्या-गाजरासारखे जमिनीत वाढणारे. गुजरात व उत्तर प्रदेशात त्याचे पीक घेतात, मूळ खणून काढतात, काप करून वाळवतात, भाजतात आणि दळतात. त्याने रंग गडद होतो, कडवटपणा व दाटपणा येतो आणि माल स्वस्त पडतो. युरोपात नेपोलियनच्या काळात कॉफीची आयात अडल्यावर या मुळाचा प्रसार झाला, तो टिकून राहिला. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. याचा व्यवहारी अर्थ असा, की पुडीचा जवळजवळ निम्मा भाग मूळ असूनही ती कायद्याने निर्दोष ठरते.

ज्या घरात कांदा, बटाटा, गाजर उंबरठ्याआत येत नाही, त्या घरात पर्युषणातही हे मूळ रोज सकाळी कपात विरघळत असेल, तर तो अजाणतेपणाचा भाग आहे. सुंठ आणि हळद वाळवल्यावर चालतात, मग चिकोरी का नाही, असा युक्तिवाद काही श्रावक करतात. सुंठ-हळदीचा वापर औषध व मसाला म्हणून चिमटीने होतो, चिकोरीचा चमच्याने होतो, हा फरक आहेच. परंतु निर्णय ज्याच्या त्याच्या परंपरेचा असल्याने महाराजसाहेबांना विचारूनच तो करावा. विचारण्यासाठी आधी माहीत असावे लागते, एवढाच मुद्दा.

शुद्ध कॉफीच्या बिया आणून घरी पेय करणे हा त्यावरचा सरळ उपाय. आणि येथे यंत्राचा प्रश्न येतो.

एस्प्रेसो या इटालियन शब्दाचा अर्थ 'दाबून काढलेले'. 1884 मध्ये तुरिन शहरातील अँजेलो मोरिओंदो याने वाफेच्या बळावर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा याने एकेक कप काढण्याची सोय केली. परंतु वाफेचा दाब अपुरा पडे आणि कॉफी करपट लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जिया याने तरफेने दाबला जाणारा दट्ट्या आणला, तेव्हा कपावर तो सोनेरी-तपकिरी साय-फेस प्रथम दिसला. आजचा ठोकताळा असा आहे : सुमारे 18 ग्रॅम बारीक पूड, 90 ते 96 अंश तापमानाचे पाणी, 9 बार दाब आणि 25 ते 30 सेकंद. त्यातून 36 ग्रॅमच्या आसपास अर्क मिळतो. म्हणजे पेटीवर छापलेले 15 वा 20 बार हे पंपाची कमाल क्षमता सांगतात, कॉफीची प्रत नव्हे. ट्रकच्या पाठीवर किती टन वाहता येतात हे लिहिल्याने आतला माल चांगला ठरत नाही, तसेच हे.

प्रत ठरते ती ताज्या बियांवर आणि दळण्यावर. पूड थोडी जाड झाली तर पाणी भसाभस निघून जाते, फार बारीक झाली तर थेंब पडत नाही. मसाल्याच्या मिक्सरमध्ये अशी एकसारखी पूड होत नाही, शिवाय जिऱ्या-धन्याचा वास लागतो तो वेगळा. म्हणून यंत्राच्या किमतीत दळण्याच्या साधनाची किंमत धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. ज्यांना तयार पूडच वापरायची आहे त्यांच्यासाठी दुहेरी तळाची गाळणी मिळते, ती फेस आणते, चव बेताचीच देते.

हिशेब मांडू. समजा यंत्र 25,000 रुपयांचे आणि ग्राइंडर 8,000 रुपयांचा, आयुष्य 5 वर्षे. रोज 2 कप झाले तर 3,650 कपांवर दर कपामागे घसारा सुमारे 9 रुपये. बिया 250 ग्रॅमला 500 रुपये धरल्या, तर 18 ग्रॅमच्या कपाला 36 रुपये. दूध-साखर वेगळी. मुदत ठेवीवर 7 टक्के व्याज धरले तर गुंतलेल्या 33,000 रुपयांचे वर्षाला 2,310 रुपये बुडतात, म्हणजे आणखी 3 रुपये. एकूण 48 रुपयांच्या घरात कप पडतो. शहरी कॅफेच्या तुलनेत हा व्यवहार वाईट नाही. परंतु नव्याची नवलाई ओसरून यंत्र केवळ रविवारी एका कपापुरते चालू लागले, तर 5 वर्षांत 260 कप होतात आणि घसाराच कपामागे 127 रुपयांवर जातो. व्यापारी कुटुंबाला यापुढे सांगण्याची गरज नाही.

'नो कॉस्ट ईएमआय'चे आमिष येथेही असते. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देऊन ते भरून काढल्याचे दाखवतो आणि व्याजावरील जीएसटी व प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्या माथी राहते. रोखीने घेताना हीच सूट मिळते का, हे आधी विचारावे. आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे, ती म्हणजे घरच्या वस्तूचे बिल पेढीच्या नावावर घेण्याची. व्यक्तिगत वापराच्या मालावरील करपरतावा जीएसटी कायद्याने रोखलेला आहे. तपासणीत असा लहानसा परतावा निघाला, की मोठ्या परताव्यांकडेही संशयाने पाहिले जाते.

आता पाण्याचा विषय, जो विक्रेता कधी काढत नाही. जिल्ह्यातील विहिरी-बोअरच्या पाण्याने गिझरमध्ये जो पांढरा थर धरतो, तोच यंत्राच्या बारीक नळ्यांत धरतो. निर्मात्याने सांगितलेल्या अवधीत क्षार काढले नाहीत तर पंप बंद पडतो आणि दुरुस्तीला नागपूर गाठावे लागते. वीजजोडणीही पाहावी. 1,450 वॅटचे यंत्र 230 व्होल्टवर 6 अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेते, तेव्हा साध्या प्लगवर ते लावू नये, 16 अँपिअरचा असावा. अमेरिकेतील नातलगाकडून भेट आलेले यंत्र 120 व्होल्टचे असते. ते येथे थेट चालत नाही.

परंतु श्रावकाच्या घरी पाण्याचा प्रश्न क्षारांपाशी संपत नाही. टाकीत पाणी रात्रभर राहते. टाकी रोज रिकामी करून पुसता येते, मात्र आतील बॉयलर व नळ्यांत थोडे पाणी उरतेच, ते काढता येत नाही. गाळलेल्या वा उकळलेल्या पाण्याची कालमर्यादा पाळणाऱ्यांना हे मानवणारे नाही. त्याहून बिकट स्थिती बटण दाबताच सर्व काही करणाऱ्या स्वयंचलित यंत्रांची. त्यांतील ओला चोथा आतल्या डब्यात पडून राहतो, पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशी धरते, आणि उबदार, अंधाऱ्या, ओलसर पोकळीत झुरळेही आसरा शोधतात. सर्वांत महाग यंत्र जयणेच्या दृष्टीने सर्वांत गैरसोयीचे ठरावे, हे दुकानातल्या झगमगाटात ध्यानी येत नाही.

या कसोटीवर उतरणारे एक साधन आहे आणि ते विजेशिवाय चालते. हाताच्या तरफेने दाब देण्याच्या यंत्रात टाकी नसते, बॉयलर नसतो. गॅसवर उकळलेले पाणी वरच्या नळकांड्यात ओतायचे, तरफ दाबायची, अर्क कपात. 9 बारपर्यंतचा दाब मनगटाच्या बळावर मिळतो. काम झाल्यावर सर्व भाग सुटे होतात, धुऊन, पुसून, कोरडे करून ठेवता येतात, आत काही उरत नाही. दूध पातेल्यात तापवून रवीने घुसळले तरी पुरेसा फेस येतो. वेळ मात्र द्यावा लागतो, दहा माणसांच्या घरात सर्वांना त्यातून कॉफी पाजणे अशक्य आहे. त्याहूनही साधेपणा हवा असेल तर पोलादी मोका पॉट वा दक्षिणेतला दोन डब्यांचा फिल्टर घ्यावा. दाब नगण्य, म्हणून ती एस्प्रेसो म्हणता येणार नाही, परंतु शुद्ध पूड वापरली तर कॉफी उत्तम होते आणि खर्च काही शे वा हजार-दोन हजार रुपयांत भागतो.

घरातील माणसांचा विचार येथे टाळता येणार नाही. चहाचे एक आधण सर्वांना पुरते, यंत्र एकेका कपाला उभे करते. सकाळी नवकारसीची वेळ होताच सासऱ्यांना, दिराला, पाहुण्याला वेगवेगळा कप काढून देण्याचे काम सुनेवर पडणार असेल, तर ते यंत्र तिच्यासाठी सोय नव्हे, नवी चाकरी आहे. ज्याला हवे त्यानेच दळावे, त्यानेच दाबावे, त्यानेच धुवावे, हे खरेदीआधी ठरलेले बरे. चौविहार पाळणाऱ्या घरात धुणे-पुसणेही सूर्यास्तापूर्वी उरकावे लागते, म्हणजे पेढीवरून रात्री परतणाऱ्या मुलाला यंत्र सकाळीच उपयोगी.

वर्धा जिल्ह्यात कॉफीविषयी लिहिताना सेवाग्राम वगळून चालत नाही. गांधीजींनी 1942 मध्ये आगाखान पॅलेसच्या कारावासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात चहा, कॉफी, कोको यांपैकी कशाचीही शरीराला गरज नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. परिग्रहाची मर्यादा घेतलेल्या ज्येष्ठांचे मतही निराळे नसते, आणि त्यांनी 'हवे कशाला' असे विचारले तर तरुणांनी त्याला जुनाट म्हणून झटकू नये. तरुणांनीही एक उत्तर द्यावे असे आहे : मूळ मिसळलेली पूड घरातून जाणार असेल, तर थोडा खर्च सार्थ आहे.

बियांची खरेदी करताना पुडीवर भाजल्याची तारीख पाहावी आणि महिनाभरात संपेल एवढेच घ्यावे. चिकमगळूर व कोडगू येथून माल टपालाने येतो. आपल्या विदर्भातही चिखलदऱ्याला कॉफी पिकते, सहलीला जाणाऱ्यांनी ती जरूर आणावी. सिव्हेट मांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची महागडी कॉफी भेट म्हणून कुणी पाठवली तर ती जैन घरात ठेवण्याजोगी नाही, नावावरून ते कळतेच असे नाही. दुकानातून बिया दळून आणायच्या असतील तर त्या चक्कीत आधी चिकोरीमिश्रित पूड दळली होती का, हे विचारावे. पहिले मूठभर दळण बाजूला काढून मगच आपली पिशवी भरायला सांगावे.