चंडोल वाढला म्हणणाऱ्यांनो, जरा सड्यावर या

परवा एकाने लिहिलं, "आमच्या नव्या बागेतपण तुरेवाला चंडोल दिसतो, म्हणजे पक्षी वाढला." मला हे पटत नाही.

माझंच सांगतो. 1990 नंतर रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली. बाबांनी सड्यावर सुरुंग लावून खड्डे मारले, बाहेरची माती भरली, हापूस लावला. पहिली चार-पाच वर्षं चंडोल कलमांच्या मधे असायचा. वर चढून गायचा, आम्ही खूश. कलमं मोठी झाली, सावली पडली, आणि तो गेला तो गेलाच. त्याला उघडं रान लागतं. घरटं जमिनीवर, गवताच्या बुडाशी.

म्हणजे नवी बाग हे त्याचं घर नव्हे, चार दिवसांची वस्ती आहे. मागे सडा मोडला की परत जायला जागाच नाही.

सातबाऱ्यावर हाच सडा 'पोटखराब'. कसला खराब? गुरांचं गवत तिथलं, पावसातली फुलं तिथली. आपली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तीपण याच कातळावरची.

कलमं तोडा म्हणत नाही, मीपण त्यावरच जगतो. पण मार्च ते सप्टेंबर त्याची वीण असते. तेव्हा उन्हाळ्यात सड्याला आग लावू नका, आणि एक तुकडा तरी सुरुंगाशिवाय ठेवा. कृषीवाल्या साहेबांनी पक्षी मोजू नयेत, घरटी मोजावीत. मग बोलू, वाढला की घटला.