माळ्यावरचे पिस्तूल

नौपाड्यातील जुनी घरे पाडताना माळ्यावरच्या एखाद्या पेटीत आजोबांच्या पदकांशेजारी युद्धावरून आणलेले गंजके पिस्तूल निघाले, म्हणजे घर धास्तावते. मग कोणी ते खाडीत टाकण्याचा सल्ला देतो, कोणी हौशी संग्राहकास गुपचूप विकण्याचा. दोन्ही सल्ले आम्हांस अमान्य आहेत. १९१४-१८ च्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. १९४४ मध्ये इटलीत यशवंत घाडगे यांनी प्राणांचे मोल देऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. अशा पिढ्यांची ही शस्त्रे इतिहासाची साधने आहेत.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने पुराण्या शस्त्रास सूट दिली आहे खरी. पण ते दुरुस्तीनंतरही गोळी झाडू शकत नसेल, तरच. हा निर्णय जाणकारानेच करावयाचा. म्हणून शस्त्र न हाताळता प्रथम पोलिसांस कळवावे. मात्र स्वेच्छेने पुढे येणाऱ्या नागरिकास सरकारने आरोपी लेखू नये आणि शस्त्र नष्ट करण्यापूर्वी ते वस्तुसंग्रहालयास दाखवावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. घरच्यांनीही शिपायाचे नाव, पलटण व रणभूमी लिहून द्यावी. या नोंदीवाचून ते शस्त्र केवळ भंगार होय.