गणपती थांबत नाहीत

मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा अपुरा ग्रंथ हा आमचा कुलधर्मच! आईच्या तोंडचे जुने शब्द मी गेली नऊ वर्षे टिपतो आहे. चिठ्ठ्या दोन हजारांवर गेल्या. पण परिपूर्ण झाल्याखेरीज ग्रंथ छापायचा नाही, असा माझा बाणा.

आषाढी एकादशीला पुण्याहून भाचा आला. तो सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. चिठ्ठ्यांचे खोके पाहून म्हणाला, "मामा, आजीची नजर अधू होत चालली आहे. हे ती वाचणार कधी?"

मी निरुत्तर झालो.

मग त्याने आपल्या धंद्यातली रीत सांगितली. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड येथे १७ जाणकार जमले आणि त्यांनी 'ॲजाइल'चा जाहीरनामा काढला. आराखडा हवाच; पण बदलत्या गरजेशी जुळवून घेणे त्याहून मोलाचे, हे त्यातले एक सूत्र. कामांची यादी करायची. गिऱ्हाइकाला सर्वांत गरजेचे ते वर. दोनेक आठवड्यांच्या एकेका फेरीत वापरण्याजोगे काही पुरे करायचे. मागल्या फेऱ्यांत प्रत्यक्ष किती उरकले, त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा. वेळ अपुरा पडला, तर यादीची शेपटी कापायची. तारीख हलवायची नाही.

"म्हणजे अर्धवटच द्यायचे?"

"अर्धवट नव्हे मामा, थोडे! मखर साधे राहिले म्हणून गणपती थांबतात का?"

मागल्या पंधरवड्यात स्वच्छ लिहून झालेले शब्द मोजले. ३५ भरले! म्हणजे तीन पंधरवड्यांत शंभरेक. आईच्या जिव्हाळ्याचे स्वयंपाकघरातले शब्द वर काढले. शेत आणि गोठा मागे ठेवला. चतुर्थीला मोठ्या टाइपातली २४ पानी पुस्तिका तिच्या हाती दिली.

ती भिंग घेऊन बसली. 'वैल' शब्दाशी थांबली. "बाजूची चूल, एवढंच लिहिलंस? अरे, वैलाची आच मंद. दूध, आमटी तिथं सरकवून ठेवायची." बोलता बोलता तिने माझ्या चिठ्ठ्यांत नसलेले नऊ शब्द सांगितले. इतकी वर्षे मी तिला नुसते विचारत होतो. वाचायला काही दिलेच नव्हते!

दुसरी पुस्तिका पाडव्याला. तीत गोठा यायचा होता, आई म्हणाली, "आधी स्वयंपाकघर पुरं कर." आराखडा बदलला.

ग्रंथ अजून अपुराच आहे. पण आईने तो वाचायला घेतला आहे.