हक्क आहे, अर्ज कुठे आहे?

लांजीच्या बाजारात तासभर फिरले की पोवारी, गोंडी, हिंदी आणि मराठी अशी चारही बोलणी कानावर पडतात. बाघ नदीपलीकडे आमगाव-सालेकशात लेकी दिलेल्या, तिकडच्या लेकी इकडे सुना म्हणून आलेल्या. मोठा दवाखाना म्हटले की गोंदियाची वाट. मात्र तहसील कार्यालयाची पायरी चढली की चित्र पालटते. मराठीखेरीज दुसरे काही नीट न कळणारी म्हातारी अर्जनविसाकडून हिंदीत अर्ज लिहून घेते. त्यात काय लिहिले आहे ते तिला उमगत नाही. ती अंगठा उठवते आणि घरी येते. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले, “आपण हिंदी मुलखातले. आपल्याला कसला हक्क?”

हे उत्तर आम्ही सीमेवरच्या गावागावांत इतक्यांदा ऐकले आहे की भाषा अंकाच्या निमित्ताने त्याची एकदा नीट तपासणी करावी असे वाटते.

१८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा झाला. पुढे जुन्या मध्य प्रांताची आणि नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तिथल्या विधानसभेत बालाघाटचा आणि भंडाऱ्याचा आमदार एकाच सभागृहात बसत असे, आणि हिंदीप्रमाणे मराठीही त्या राज्याची भाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आमच्यापैकी बहुतेकांना एवढाच इतिहास ठाऊक असतो.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. घटनेची सातवी दुरुस्तीही १ नोव्हेंबर १९५६ पासूनच अमलात आली आणि तिने घटनेत ३५०-अ आणि ३५०-ब ही दोन नवी कलमे घातली. रेघा कशाही ओढल्या तरी प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेची माणसे उरणारच, हे फाजल अली आयोगाने ओळखले होते आणि संसदेनेही ते मान्य केले. म्हणजे सीमेची रेघ आणि रेघेअलीकडे राहिलेल्यांचे कवच, दोन्ही एकाच दिवशी मिळाली. रेघ आम्ही लक्षात ठेवली, कवच विसरलो.

संसदीय लोकशाहीत कायदा बहुमताने होतो. भोपाळच्या विधानसभेने हिंदीला राजभाषा केले, तो तिचा अधिकार आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्यांची संख्या कधीच बहुमताएवढी होणार नाही त्यांचे काय? यासाठी घटनेने काही गोष्टी बहुमताच्या हाताबाहेर ठेवल्या आहेत. मात्र या सगळ्या गोष्टींचे बळ सारखे नाही. इथेच आमची गफलत होते.

पहिली पायरी मूलभूत हक्कांची. कलम २९ प्रमाणे आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क आहे. कलम ३० प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढून चालविता येतात. अल्पसंख्य कोण, हे राज्यागणिक ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात सांगितले. म्हणजे मध्य प्रदेशात मराठी माणूस भाषिक अल्पसंख्य आहे. हे हक्क सरकारने मोडले तर जबलपूरच्या उच्च न्यायालयात जाता येते.

दुसरी पायरी कलम ३५० आणि ३५०-अ यांची. आपले गाऱ्हाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असे कलम ३५० सांगते. “हिंदीत लिहून आणा, मगच घेऊ” असे त्या म्हातारीला कोणी म्हणू शकत नाही. उत्तर मराठीतच मिळेल, अशी हमी मात्र या कलमात नाही, हेही जाणून असावे. कलम ३५०-अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे. ‘प्रयत्न’ हा शब्द ढिला आहे. प्रयत्न चालू आहे म्हणत सरकार वर्षे काढू शकते.

तिसरी पायरी सरकारांनी मान्य केलेल्या तडजोडींची. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले त्या भाषेची असतील, तर निदान एक शिक्षक त्या भाषेचा द्यावा. ज्या भागात एका अल्पसंख्य भाषेचे लोक १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असेही १९५६ साली मान्य झाले. मुलांच्या भाषेची पसंती आगाऊ नोंदवून घ्यावी, हीसुद्धा मान्य झालेलीच गोष्ट. या तडजोडी घटनेची कलमे नाहीत. त्यांच्यासाठी नेट लावावा लागतो.

हा नेट लावण्याची वाटही घटनेनेच करून ठेवली आहे. कलम ३५०-ब प्रमाणे राष्ट्रपती भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमतात. १९५७ पासून हे कार्यालय आहे. या आयुक्तांना शिक्षक नेमता येत नाही की शाळा उघडता येत नाही. ते तपास करतात, अहवाल देतात, आणि तो अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो, राज्य सरकारांकडे जातो. खासदाराला त्यावर प्रश्न विचारता येतो. पण ज्या गावाने अर्जच केला नाही त्या गावाची तक्रार अहवालात येणार कुठून? आणि अहवालात नसलेल्या गावाबद्दल खासदार विचारणार काय? रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग सरकारचे काय घेऊन बसलात!

आमचा स्वतःच्या माणसांना प्रश्न आहे तो इथे. “मराठी वर्गाची मागणीच नाही” असे अधिकारी सांगतो तेव्हा तो नेहमी खोटे बोलत असतो का? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात म्हटले की मुलाच्या प्राथमिक शिक्षणाची भाषा सरकार लादू शकत नाही, ती आईबापांनी निवडायची आहे. हे स्वातंत्र्य मोठे आहे, पण त्यात जबाबदारीही आली. आईबापांनी तोंड उघडले नाही तर ती निवड दुसऱ्या कोणाची तरी होऊन बसते. मुलांनी हिंदी आणि इंग्रजी चांगले शिकावे, पोटापाण्यासाठी ते लागणारच. पण पहिलीतले पोर बाईंचे बोलणे न कळल्यामुळे मागच्या ओळीत गप्प बसते, तेव्हा ते मंद नसते. त्याच्या वतीने कोणी बोललेले नसते.

दुसरी संधी जनगणनेची. २०११ नंतरच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. मातृभाषा विचारली की “लिहा काहीही” म्हणून मोकळे होऊ नये. घरात जे बोलणे आहे तेच सांगावे. पोवारी असेल तर पोवारी, गोंडी असेल तर गोंडी, मराठी असेल तर मराठी. दुसऱ्याचे बोलणे आपल्या खात्यात ओढण्याची आम्हाला गरज नाही. गोंडी तर आजही आठव्या अनुसूचीत नाही, पण ३५०-अ ची सावली गोंडी बोलणाऱ्या पोरावरही तेवढीच आहे. आणि आम्ही बालाघाटात जे मागतो तेच गोंदियातल्या हिंदी भाषकाने मागितले तर ते रास्तच मानले पाहिजे. हक्क हा एका बाजूचा नसतो.

महाराष्ट्राचे भाषेचे कायदे बाघ नदीच्या काठाशी थांबतात. २०२० सालचा शाळांत मराठी सक्तीचा कायदा लांजीला लागू नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्हालाही आनंद झाला, पण त्यामुळे तहसीलातला अर्ज बदलला नाही. नदी ओलांडून येते ती घटना.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. यंदा शाळेचे प्रवेश सुरू होण्याआधी गावातल्या दहा घरांनी एकत्र बसावे, मुलांची नावे आणि इयत्ता लिहाव्यात, मराठीत एक अर्ज करावा. तो शाळेत आणि शिक्षण कार्यालयात द्यावा, पोच घ्यावी, एक प्रत कलेक्टरांना आणि एक भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवावी. आमदार-खासदार मते मागायला आले की ती पोच त्यांच्यापुढे ठेवावी. अर्ज नामंजूर झाला तर तो नकारही लेखी मागावा. लेखी नकार घेऊन पुढचे दार ठोठावता येते. न केलेल्या अर्जाला कोणतेच दार नसते.