शेवरोले गेली, गाड्या राहिल्या. मालकांनी काय करावे?

अमेरिकेच्या जनरल मोटर्सने भारतातली विक्री थांबवून बरीच वर्षे झाली. पाटणसारख्या डोंगरी तालुक्यात जुन्या टवेरा, बीट, स्पार्क मात्र अजून धावतात. त्या स्वस्तात मिळतात, पण घ्याव्यात का?

कंपनी कधी आली, कधी गेली?
१९२८ मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू झाली, १९५४ मध्ये थांबली. नव्वदच्या दशकात कंपनी परतली. २००३ मध्ये शेवरोले हे नाव आणले, २००८ मध्ये तळेगावला कारखाना उघडला. २०१३ मध्ये १ लाखाहून अधिक टवेरा परत बोलवाव्या लागल्या. २०१७ च्या अखेरीस विक्री बंद झाली. तळेगावातून निर्यात २०२० पर्यंत चालली. आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे.

मालकांना फटका कुठे?
विक्रीनंतरची सेवा सुरू राहील, असे कंपनीने सांगितले होते. पण नव्या गाड्यांची विक्री थांबली की डीलरला शोरूम परवडत नाही. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड बाहेर मिळतात. सेन्सर, हेडलाइट, बंपर यांच्यासाठी थांबावे लागते. वडाप चालवणाऱ्याची गाडी चार दिवस उभी राहिली, तर चार दिवसांची कमाई बुडते. विकायला काढली, तर भावही पडतो.

जुनी घेताना काय पाहाल?
- जवळचा मेकॅनिक ते मॉडेल हाताळतो का?
- महत्त्वाचे पार्ट कुठे, किती दिवसांत मिळतात?
- फिटनेस, पीयूसी, विमा चालू आहे का?

तिन्ही उत्तरे समाधानकारक नसतील, तर कमी किंमत हा फायदा नव्हे. तो पुढच्या खर्चाचा इशारा आहे.