पडद्याआडून ओळखलेला ज्वालामुखी

वर्गाच्या कोपऱ्यात पडदा लावलाय आणि त्यामागे एकच तरुणी बसलीय, असं दृश्य डोळ्यांपुढे आणा. खोडी केली म्हणून नव्हे बरं का! ती दिसली तर मुलांचं लक्ष उडेल, म्हणून. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्लोरेन्स बॅस्कम अशा शिकल्या. लक्ष उडणार मुलांचं आणि पडद्याआड कोण, तर या! असो.

बॅस्कमबाईंचा अभ्यास होता पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या साउथ माउंटन या डोंगराचा. तिथं ज्वालामुखीचं तोंड नाही की राखेचा ढीग नाही. नुसते जुने, दाबले गेलेले खडक. ते गाळाचे असावेत, अशी अनेकांची समजूत होती. बाईंनी काय केलं? खडकाचे तुकडे घासून घासून इतके पातळ केले, की उजेड आरपार जावा. मग ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. आत काय दिसलं ठाऊक आहे? लाव्हा वाहताना पडतात तशा वळणदार पट्ट्या. बारीक गोल मणी आणि त्यांच्या आत सायकलच्या आऱ्यांसारख्या सुया. शिवाय कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या गोलाकार भेगा. अशा भेगा पडतात लाव्हा झटकन थिजून झालेल्या काचेत! म्हणजे हा खडक एके काळी काच होता आणि त्याआधी तप्त लाव्हा. गाळात हे कुठून येणार? याच कामावर १८९३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

हा खडक म्हणजे रायोलाइट. आपल्या सह्याद्रीतला काळा बसॉल्ट पातळ लाव्हाचा, म्हणून तो दूरवर पसरला. रायोलाइटमध्ये सिलिका पुष्कळ, त्यामुळे त्याचा लाव्हा फार दाट. गुळाचा पाक गोळीबंद होत आला की कालथा कसा जड फिरतो, तसा. पण गंमत अशी, की साउथ माउंटनमध्ये बसॉल्टचेही थर आहेत, हिरवट पडलेले. दोन तऱ्हांचे लाव्हा शेजारी-शेजारी कसे?

सुमारे ५७ कोटी वर्षांपूर्वी तिथं एक मोठा भूखंड ताणला जाऊन फाटत होता. भूखंड ताणला, की पातळ होतो आणि खालून बसॉल्टचा तप्त रस वर चढतो. त्या उष्णतेनं भूखंडाचाही काही भाग वितळू शकतो. तो रस सिलिकानं भरलेला असतो. फाटलेल्या जागी पुढे समुद्र आला. त्याला आयापेटस म्हणतात. कालांतरानं तोही मिटला, भूखंड एकमेकांवर आदळले नि ॲपलेशियन पर्वत उभा राहिला. त्या दाबानं आणि उष्णतेनं हे खडक बदलले, रूपांतरित झाले. जुन्या खुणा मात्र पुरत्या पुसल्या गेल्या नाहीत.

तिथल्या मूळ रहिवाशांना हा दगड हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होता. त्यांनी तो खणून काढून भाल्यांची पाती घडवली. काचेसारखा फुटून धार येते ना त्याला!

१८९६ साली अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यानं बॅस्कमबाईंना नेमलं. त्या खात्यातल्या त्या पहिल्या स्त्री भूशास्त्रज्ञ.

आता तुमचं काम. घराजवळचा एखादा काळा दगड उचला, धुऊन भिंगातून बघा. पांढरे ठिपके दिसले, तर ते लाव्हातल्या वायूचे बुडबुडे असू शकतील, मागाहून खनिजांनी भरलेले. वहीत चित्र काढा, दगड कुठे सापडला तेही लिहा. आणि सूक्ष्मदर्शक शाळेत असेल, तर बाईंना विचारून एकदा तरी कपाटाबाहेर काढायला लावा!